भिजू नये म्हणून

वकीलबाईंचं म्हणणं असं पडलं की मी आता एकदा देशाबाहेर जाऊन यावं.

मी केलिनकडे बघितलं. केलिन माझी मुलगी. त्या जानेवारीत तिला एकविसावं पूर्ण झालं होतं, आणि वकिलांकडे, बँकेत, दवाखान्यात माझं तोंड तीच असते. म्हटलं, पोरीने काहीतरी उलटंपालटं ऐकलं. "नीट ऐक जरा," मी तिला म्हणाले. "बाहेर जाऊ नका, असंच म्हणतायत ना त्या?"

"नाही आई. जा म्हणतायत. जा, आणि परत या."

सव्वीस वर्षं याच बाईंनी, त्यांच्या आधीच्या वकिलाने, रेडिओवरच्या माणसाने, चर्चमधल्या सिस्टरने मला एकच गोष्ट बजावली होती: या देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी इथून हलले नाही याचा पुरावा म्हणून माझ्या पलंगाखाली बुटांचे चौदा खोके आहेत. विजेची बिलं, केलिनच्या लशींची कार्डं, तिची प्रगतिपुस्तकं, माझी दाढ काढल्याची चिठ्ठी. वडील गेले तेव्हा मी गेले नाही. धाकट्या बहिणीचं, दून्याचं, लग्न झालं आणि मोडलं, दोन्ही वेळा गेले नाही. नवरा टेक्सासला छपरं घालायला गेला तो तिकडचाच झाला, त्याच्या मागेसुद्धा गेले नाही, अर्थात त्याला कारणं वेगळी होती. आणि आता ही बाई खुर्चीत रेलून म्हणते, जाऊन या.

आमच्या होंडुरासमध्ये अठ्ठ्याण्णव साली मिच नावाचं वादळ आलं आणि निम्मा देश चिखलाखाली गेला. त्या वर्षअखेरपर्यंत जे अमेरिकेत पोचले होते, त्यांना सरकारने राहू दिलं. मी एक दिवस आधी पोचले होते. टीपीएस म्हणतात त्याला. म्हणजे तुमच्या घरी हाल आहेत तोवर तुम्हाला हाकलणार नाही, पण कायमचं राहा असंही म्हणणार नाही, दीड वर्षाने बघू. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशातली गत. दर दीड वर्षाने तोच अर्ज, तेच फोटो, तेच बोटांचे ठसे, जसं काही मधल्या काळात मी बोटं बदलून आणली असती. माझ्या कार्डावर छापलेली तारीख तर गेल्या वर्षीच उलटली. तरी कार्ड चालू आहे, कारण सरकारने कुठेतरी तसं पत्रक काढलंय. ते पत्रक मी घडी करून कार्डासोबत ठेवते. कार्ड बघणारा प्रत्येक माणूस म्हणतो, "हे संपलंय." मी म्हणते, "नाही संपलं." मग तो माझ्याकडे असा बघतो, जसं मी त्याला कालचं दूध आजचं म्हणून विकतेय.

वकीलबाईंनी कागदावर घर काढलं. एक दार, एक खिडकी. "तुम्ही पहिल्यांदा आलात ते नदी ओलांडून. म्हणजे खिडकीतून," त्या म्हणाल्या. केलिन मला स्पॅनिशमध्ये सांगत गेली. "आता मुलगी मोठी झाली. ती इथली नागरिक आहे, ती आईसाठी कायमचा कागद मागू शकते. पण कायद्याला खिडकीतून आलेला माणूस चालत नाही. दारातून आलेला लागतो. टीपीएसवाल्यांना परवानगी काढून बाहेर जाता येतं. परत येताना विमानतळावरचा अधिकारी शिक्का मारून आत घेतो. तो शिक्का म्हणजे तुमचं दार."

"म्हणजे मी घरात आहे," मी म्हणाले, "आणि दारातून आत यायचं म्हणून आधी घराबाहेर जायचं."

"बरोबर."

"आणि मी बाहेर असताना टीपीएसच बंद झालं तर?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणून लवकर जा," त्या म्हणाल्या, "आणि लवकर या."

परवानगी मे महिन्यात आली. एक साधा कागद, वर माझा फोटो, त्यात मी चोरासारखी दिसते. बाईंनी तो पाकिटात घालून माझ्या हातात दिला आणि तीन-तीनदा बजावलं. "हा मूळ कागदच लागतो. प्रत चालणार नाही. शिक्का याच्यावरच बसतो. हा हरवला, फाटला, भिजला, तर माझ्या हातात काही नाही." आमच्या केनर गावात तोवर प्रत्येकाकडे वेगळी बातमी होती. कुणी म्हणे टीपीएस जुलैत बंद. कुणी म्हणे न्यायाधीशाने थांबवलं. मी कार्निव्हलचे पोशाख शिवायच्या कारखान्यात टिकल्या लावते. तिथली माझ्या शेजारची बाई म्हणाली, आधीच बंद झालंय, फक्त सांगितलेलं नाही. मी सहा दिवसांची रजा घेतली. डोक्यात काय चाललं होतं ते विचारू नका, मलाच कळत नव्हतं. आईला भेटायला चालले होते की शिक्का आणायला? सव्वीस वर्षांनी आईकडे जायचं, आणि कारण काय, तर परत येता यावं म्हणून.

आईचं घर होंडुरासच्या ला लिमा गावात, विमानतळापासून जवळ. विमानं छपरावरून जातात, बोलणं मध्येच थांबवावं लागतं. मी गेले तेव्हा ती एकवीस वर्षांच्या मुलीला निरोप देणारी पन्नाशीची दणकट बाई होती. आता अठ्ठ्याहत्तरची, माझ्या खांद्याएवढी. तिने मला दारातच धरून ठेवलं, वरून विमान गेलं, ते पुरतं जाईपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "जाड झालीस. बरं झालं." आणि आत जाऊन पोळी लाटायला लागली. मी तीन बालेआदा खाल्ल्या, राजमा आणि साय भरलेल्या, आणि रडले, आणि चौथी खाल्ली.

जेवण झाल्यावर मी पाकीट काढलं. "आई, हे नीट बघ. हा कागद फार महत्त्वाचा आहे. हा भिजला, फाटला, हरवला, तर मी परत जाऊ शकत नाही."

आईने हात पुसले आणि कागद कडेला धरून घेतला. "म्हणजे तुला जाऊ देणारा कागद हा."

"हो."

"दे इकडे. या घरात कागद मीच ठेवते."

"देऊन टाक," दून्या म्हणाली. "तिच्याकडून माशीसुद्धा हरवत नाही. फक्त परत मागू नकोस." दून्या माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आईजवळ तीच राहते. तिच्या जिभेला हाड नाही. पण आईच्या गोळ्या, आईचे गुडघे, आईचा संताप, सगळं तिनेच काढलंय, त्यामुळे मी तिच्यापुढे जरा वचकूनच असते.

हे मंगळवारी झालं. गुरुवारी मी आणि दून्या वडिलांच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेलो. परतलो तेव्हा आई टेबलाशी बसली होती, चांगला झगा घातलेला, केस विंचरलेले. समोर माझा कागद. तो चमकत होता.

मला आधी कळेचना. मी बोट लावलं. गार, गुळगुळीत.

"दोनदा मशीनमधून काढायला लावला," आई म्हणाली. "शाळेजवळच्या दुकानात. पोरगा म्हणत होता एकदा पुरे. मी म्हटलं, दोनदा. कडा बघ कशा पक्क्या बसल्यात. आता बादलीत घाल, काही होणार नाही."

तिने माझ्या परवानगीला लॅमिनेशन करून आणलं होतं.

माझं तोंड सुटलं. सव्वीस वर्षांनी भेटलेल्या आईवर मी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले. "तुला कुणी सांगितलं होतं? यावर शिक्का मारायचाय त्यांना! प्लास्टिकवर शिक्का बसतो का? एक काम सांगितलं, एक! नुसता ठेवायचा होता! कागद ठेवायला अक्कल लागते का काही?" शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तिलाही मी काहीतरी बोलले.

आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तू म्हणालीस भिजायला नको," ती म्हणाली.

एवढंच. आणि ते खरंच होतं. शब्द माझेच होते.

मी मागच्या अंगणात जाऊन वकीलबाईंना फोन लावला. आधी त्यांच्या ऑफिसातली मुलगी. "लॅमिनेट केलं? का?" तिने मला ताटकळत ठेवलं, गाणं लावलं. मग बाई आल्या. तिथे केलिन नव्हती, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, त्यांनी त्यांच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये ऐकलं. "नोल्विया," त्या म्हणाल्या, "मी एकोणीस वर्षं हे काम करतेय. असं कुणी केलेलं नाही. चालेल की नाही, मला माहीत नाही. विचारून कळवते." वकिलाला माहीत नाही म्हटल्यावर माणसाने कुणाकडे जायचं?

दून्या माझ्या मागे येऊन उभी होती. आवाज खाली आणून म्हणाली, "तुला अजून कळलं नाही? मुद्दाम केलंय तिने."

"काहीतरी बोलू नकोस."

"मी काहीतरी बोलत नाही. मी राहते तिच्याजवळ. तू आलीस त्या दिवशी तिने मला विचारलं, 'परत जाता आलं नाही तर कुठे झोपेल ही?' मी म्हटलं, जाता येईल. तर म्हणते, 'तरी पण. पलंग लागेल.' आणि तुला काय वाटतं, तिला कळत नाही शिक्का म्हणजे काय? साऱ्या गल्लीचे अर्ज वाचून देते ती."

"तिला शिक्क्याचं मी सांगितलंच नव्हतं."

"मग राहा," दून्या म्हणाली. "मला काय, मी सुटेन. सव्वीस वर्षं मी बघितलं, पुढची सव्वीस तू बघ." आणि तिने तोंड फिरवलं. ती चिडली होती की रडत होती, तेही मला ओळखता आलं नाही.

मी घरात आले ती भांडायलाच. विचारणार होते सरळ: मुद्दाम केलंस का? पण आईने पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढून काढली होती आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली होती, दुखऱ्या गुडघ्यांवर. "ये," ती म्हणाली. "बस. बघ."

पेटीत सगळं लॅमिनेट केलेलं. वडिलांचा मृत्यूचा दाखला. घराची पावती. दून्याच्या घटस्फोटाचा कागद. ठीक आहे, हे कुणीही करेल. पण त्याखाली केलिनने बालवाडीत रंगवलेला कोंबडा, मी कधीतरी पाठवलेला. केलिनच्या पायाचं चित्र, चपला घेण्यासाठी कागदावर पाय ठेवून काढलेलं. मी पाठवलेल्या गोळ्यांच्या डबीवरचं लेबल. केनरच्या आमच्या अंगणातलं एक वाळकं पान, ते मी कधी पाठवलं मला आठवतही नाही. माझे सगळे फोटो. आणि सगळ्यात तळाशी माझं पहिलं पत्र, नव्व्याण्णवच्या जानेवारीतलं, वहीच्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं.

"मिचमध्ये माझ्या डोळ्यांदेखत कपाट गेलं," आई म्हणाली. "तुमचे जन्मदाखले, माझं लग्नाचं, सगळं. तुझ्या बापाने केळीच्या कंपनीत एकतीस वर्षं काढली, त्याचं नोकरीचं पुस्तक गेलं. मी कचेरीत गेले तर म्हणतात, दाखवा. काय दाखवू? नदी दाखवू? एकतीस वर्षं झालीच नाहीत असं ठरलं. पैसा सोड गं. तो तिथे कामाला होता, हेच कुणी मानेना." ती पेटीत हात फिरवत होती. "तेव्हापासून मी काही उघडं ठेवत नाही. पाच वर्षांपूर्वी परत पाणी आलं ना, खिडकीच्या वर. पेटी चिखलाने भरली. मी एकेक काढून नळाखाली धुतलं आणि दोरीवर चिमटे लावून वाळवलं. सगळं. तुझा कोंबडा, तुझं पान. गल्लीतल्या बायका हसायच्या. हसेनात का. त्यांचं गेलं, माझं राहिलं."

दून्या दारात उभी होती. "हे खरंय," ती म्हणाली. "दोरीवर कागद वाळत घातलेले मी बघितलेत."

मी विचारायचं ते विचारलं नाही. आता विचारायचं तरी काय होतं? तिने तो कागद मला परत जाता यावं म्हणून जपला, की जाता येऊ नये म्हणून, हे पेटी बघूनही कळण्यासारखं नव्हतं. दोन्हीला हात सारखाच लागतो.

तेवढ्यात दून्याने मोबाइलवर काहीतरी शोधलं. केस वाळवायचं यंत्र गरम करून फिरवलं की प्लास्टिक सुटतं म्हणे. पण लगेच खऱ्या कागदावर कोण हात टाकणार? आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघायला हवं होतं. मी वडिलांच्या दाखल्याकडे बघितलं, दून्याने कोंबड्याकडे.

"यावर करा," आई म्हणाली, आणि तिने माझं पत्र पुढे केलं.

"आई, नको. ते लेबल घे, गोळ्यांचं."

"लेबलचा कागद चकचकीत असतो. हे कागदाचं आहे, साधं. याच्यावरच कळेल." तिने स्वतः स्वयंपाकाची सुरी आणली आणि कडा कापली. दून्याने यंत्र धरलं. गरम वाऱ्याने प्लास्टिक मऊ झालं, सुटायला लागलं, आणि आम्ही तिघी एकदम "सुटलं, सुटलं!" म्हणून ओरडलो. मग प्लास्टिक वर आलं आणि त्याच्याबरोबर कागदाचं वरचं साल निघालं. पेन्सिलीचं शिसं प्लास्टिकला चिकटून आलं, अर्धी अर्धी अक्षरं. खाली उरला पांढरा केसाळ कागद. 'आई, मी पोचले' एवढंच कागदाच्या वरच्या कडेला उरलं होतं.

मी म्हणाले, "आई, तुझं पत्र गेलं."

"असू दे," आई म्हणाली. "मला पाठ आहे."

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. त्यांनी तिघांना विचारलं होतं. एक म्हणाला रद्द झालं समजा. एक म्हणाला काही फरक पडत नाही. तिसऱ्याने ऐकून फोन ठेवला. "काढायचा प्रयत्न मात्र अजिबात करू नका," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाही करणार.

शुक्रवार आणि शनिवार मी आईजवळ होते, आणि ते दोन दिवस मला धड भोगता आले नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं. ती केळी तळायची, मी खायचे, आणि मनात एकच: आत घेतील की नाही? न घेतलं तर केलिनचं काय, ती एकटी घरी. माझं मशीन, माझी खोली, माझे चौदा खोके. मग आई काहीतरी बोलायची, जुन्या शेजाऱ्याची नक्कल करायची, आणि मी हसायचे, आणि क्षणभर वाटायचं, न घेतलं तर न घेतलं. असं वाटलं की मी स्वतःवरच चिडायचे. कशाची भीती वाटतेय आणि कशाची आशा, याचा मला पत्ता लागत नव्हता.

रविवारी सकाळी आई दारापर्यंत आली. विमानतळावर येणार नाही म्हणाली, विमान इथूनही दिसतं. माझा हात धरून म्हणाली, "समजा, आत नाही घेतलं. मग इकडेच पाठवतील ना? दुसरीकडे कुठे नाही?"

"इकडेच."

"बरं." मग लगेच, घाईघाईने, "घेतील गं. का नाही घेणार? कागद कसा लखलखीत आहे."

सान पेद्रो सुलाच्या विमानतळावर काउंटरवरच्या पोराने तो कागद हातात घेतला. त्याने तो उलटसुलट केला, उजेडात धरला. "बरं केलंत, बाई," तो म्हणाला. "या दिवसांत काय, पिशवीत ठेवलेलंही ओलं होतं. कुठे केलंत? कडा छान बसल्यात." मी त्याला दुकानाचा पत्ता सांगितला.

ह्यूस्टनला मात्र तसं नव्हतं. खिडकीतल्या अधिकाऱ्याने कागद घेतला, बोटांनी चाचपला, माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. मग शिक्का उचलून मारला. शिक्का बसला, असं मला वाटलं. त्याने अंगठा फिरवला. सगळी शाई अंगठ्यावर आली. त्याने परत मारला. परत तेच. शाईचे बारीक थेंब जमून कडेला ओघळले. त्याने खिशातून रुमाल काढून माझी परवानगी पुसली. लख्ख झाली.

"तिकडे बसा," तो म्हणाला.

ती खोली आमच्यासारख्या सगळ्यांना ठाऊक असते, न गेलेल्यांनासुद्धा. प्लास्टिकच्या खुर्च्या, फोन वापरायचा नाही. दोन तास मी बसले. माझ्यासमोर माझा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, एकाने वाकवून बघितला, एकीने नखाने कडा खरवडली आणि मी उठून उभी राहिले, तर मला बसायला सांगितलं. दोघे हसले. मला हसण्यासारखं काय आहे ते कळेना, आणि मग एकदम कळलं आणि मलाही हसू आलं, आणि ते मी तोंडात धरून ठेवलं. शेवटी एक पिकल्या मिशीचा, स्पॅनिश बोलणारा अधिकारी समोर येऊन बसला.

"हे कुणी केलं?"

"माझ्या आईने."

"का?"

तोंड उघडलं आणि माझ्यापुढे दोन उत्तरं उभी राहिली. दोन्ही खरी वाटत होती, आणि दोन्ही त्याला सांगण्यासारखी नव्हती. "आमच्याकडे पूर आला होता," मी म्हणाले.

"कधी? आत्ता?"

"अठ्ठ्याण्णव साली."

त्याने खालच्या कागदाकडे बघितलं. या देशाने मला ठेवून घेतलं त्याचं कारणही तेच, तोच पूर. या सरकारला सव्वीस वर्षांत मी शेकडो रकाने भरून दिले असतील, पण इतकं सरळ उत्तर एकदाही दिलं नसेल. तो काही वेळ मिशी चोळत बसला. मग उठून कुणाशी तरी बोलून आला, संगणकात काहीतरी टाइप केलं, आणि माझा पासपोर्ट उघडून त्याच्या कोऱ्या पानावर शिक्का मारला. साधा कागद तो. शाई लगेच मुरली. मी मुद्दाम अंगठा फिरवून बघितला.

"नोंद झाली," तो म्हणाला. मग परवानगीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "आणि हा घ्या. हा तुमच्या नातवंडांनाही पुरेल."

बाहेर केलिन होती, रडून डोळे लाल. मी तिला पान दाखवलं. तिने त्याचा फोटो वकीलबाईंना पाठवला, आणि त्यांचं उत्तर आलं, पहिल्यांदाच इतकं थोडक्यात: चालेल, हेच दार. पुढच्या ओळीत लिहिलं होतं की परवानगीचा मूळ कागद अर्जाचा निकाल लागेपर्यंत हातचा सोडायचा नाही, टीपीएसचं काय होईल ते कुणालाच माहीत नाही.

गाडीत बसल्यावर मी आईला फोन लावला.

"पोचलीस?"

"पोचले आई. आत घेतलं."

पलीकडून विमानाचा आवाज आला, तिच्या छपरावरून जाणारा, आणि तो संपेपर्यंत आम्ही दोघी थांबलो.

"कागद भिजला नाही ना?" तिने विचारलं.

"नाही गं. एक थेंब आत गेला नाही."

"बघ," ती म्हणाली. "दोनदा काढला होता." मग म्हणाली, "आता तुझं काम झालं ना त्याच्याशी? मग पाठवून दे तो मला. पेटीत ठेवते. तुझ्या पत्राची जागा रिकामी झालीय."

केलिन माझ्याकडे बघत होती. वकीलबाईंचा निरोप अजून तिच्या हातातच होता.

"पाठवते," मी म्हणाले.